सर्वांत लांब मार्गाच्या शोधात: पाच महिने, चार गेम आणि बाबांचा एक प्रश्न

“ड्रायव्हर कुठं बदलतो?” बाबांनी विचारलं.

12 जानेवारी 2025, रविवार. मी त्यांना रंगात येऊन सांगत होतो की मॉस्को ते व्लादिवोस्तोक 9289 किलोमीटर आहे, आपली दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस चार हजारांच्या वर जाते, आणि मला कॉम्प्युटरवर अशीच लांबच्या लांब गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालवायची आहे. बाबा कल्याणला मालगाडीवर ड्रायव्हर होते, 2006 मध्ये निवृत्त झाले. नऊ हजार किलोमीटर ऐकून ते जरा तरी चमकतील अशी माझी अपेक्षा. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं. मी म्हटलं, “बाबा, गेममध्ये ड्रायव्हर बदलत नाही.” ते “बरं” म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

त्या दिवसापासून मी एक दोनशे पानी वही केली. तारीख, गेम, मार्ग, किती तास बसलो, किती पैसे गेले, कुठं फसलो. त्याच वहीवरून हे लिहितोय. ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे गाडी चालवायच्या या गेममध्ये, लांब मार्ग शोधायला निघालेला माणूस पहिल्या आठवड्यातच आकड्यांच्या जंगलात हरवतो. मी हरवलो होतो.

पहिला गोंधळ ‘लांब’ या शब्दाचाच. मार्ग विकणारे जो आकडा छापतात त्यात मुख्य मार्गाबरोबर फाटे, यार्ड, कारखान्यातली साइडिंग असं सगळं मोजलेलं असू शकतं. मी जानेवारीत एक अमेरिकी मार्ग असाच आकडा बघून घेतला. घरी उघडला तर मुख्य मार्ग आकड्याच्या निम्माही नाही, बाकी सगळे फाटे. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला तिथला परताव्याचा नियम असा: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत अर्ज हवा आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी हवा. आता गंमत बघा. लांब मार्ग आहे की नाही हे कळायला तो चालवून बघावा लागतो, आणि चालवायला घेतला की दोन तास तिथंच संपतात. मेनू उघडा ठेवून तुम्ही जेवायला गेलात तरी घड्याळ चालू. माझे 1 तास 52 मिनिटं झाली होती. अर्ज भरला, कारणाच्या यादीतलं सगळ्यात जवळचं कारण निवडलं, दुसऱ्या दिवशी मंजुरीचा मेल आला आणि सहाव्या दिवशी पैसे यूपीआयवरून खात्यात परत. म्हणून सांगतो, नवीन मार्ग घेतल्यावर आधी नकाशा उघडा, गाडी नंतर. आणि विकत घेण्याआधीच बघा की त्यात एकच गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते असं निदान एक वेळापत्रक आहे का. नसेल तर तो लांब मार्ग नाही, एकमेकांना चिकटवलेले आखूड मार्ग आहेत.

दुसरी गोष्ट मला जरा उशिरा उमजली. किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, तास मोजायचे. त्याकडे येतो.

माझ्याकडे कॉलेजच्या काळातली एक वस्तू होती, मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या दोन सीडी. 2001 चा हा गेम. त्यात सहा मार्ग: इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल, ऑस्ट्रियातला इन्सब्रुकहून निघणारा आल्प्सचा मार्ग, जपानमधले दोन, अमेरिकेतला वॉशिंग्टन-फिलाडेल्फिया आणि मोंटाना राज्यातला मरायस पास. शेवटचा सगळ्यात लांब, शेल्बी ते व्हाइटफिश, दीडशे मैलांच्या आसपास म्हणजे साधारण 240 किलोमीटर. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी मी तो कधीच पूर्ण चालवला नव्हता. त्या वयात वॉशिंग्टनवाली वेगवान ‘असेला’ गाडी सोडून मालगाडीवर कोण बसतो?

सीडी माळ्यावर सापडल्या, बारशाच्या फोटोंच्या खोक्यात. पण आता कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नाही. ऑफिसातल्या एका मित्राकडून यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह चार दिवसांसाठी उसना आणला. जुना गेम जसाच्या तसा चालवायच्या भानगडीत मी पडलो नाही. ‘ओपन रेल्स’ नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते या जुन्या गेमचे मार्ग आणि डबे वाचतं आणि आजच्या कॉम्प्युटरवर नीट चालवतं. मूळ गेमचं फोल्डर मात्र तुमच्याजवळ हवं. ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. विंडोज तिथं लिहू देत नाही, आणि मग काहीतरी विचित्र बिनसतं ज्याचं कारण दोन संध्याकाळी शोधूनही मिळत नाही. सरळ डी ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करा. माझ्या त्या दोन संध्याकाळी म्हणजे 20 आणि 21 जानेवारी.

या जुन्या मार्गांचं एक गणित मला आवडलं म्हणून सांगतो. त्यातली जमीन 2048 मीटर बाजूच्या चौकोनांत कापलेली असते. मरायस पास अगदी सरळ रेषेत आहे असं धरलं तरी शंभराच्या बरेच वर चौकोन भरतात, आणि प्रत्येकात कुणीतरी माणसाने बसून झाडं, खांब, पूल, सिग्नल मांडलेले असतात. लांब मार्ग इतके कमी का, हे तिथं कळलं. रूळ टाकणं सोपं, रुळाच्या दोन्ही बाजूंचं जग मांडायला वर्षं जातात.

2 फेब्रुवारीला सकाळी साडेनऊला शेल्बीहून निघालो. डॅश-9 जातीची डिझेल इंजिनं, मागे भरलेले डबे. कट बँकचा पूल, मग गवताळ माळ, माळ आणि माळ. पहिले दोन तास काहीही होत नाही. बायको एकदा डोकावून गेली, “अजून तेच गवत?” म्हणाली. ईस्ट ग्लेशियरच्या अलीकडे डोंगर दिसायला लागले तेव्हा मात्र मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि पावणेएक वाजता घरची वीज गेली.

तीन तास पंधरा मिनिटं. गेली म्हणजे गेली. मी मधे एकदाही सेव्ह केलं नव्हतं. ओपन रेल्समध्ये एफ-2 दाबलं की झालं, तेवढंच करायचं होतं. तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक स्टेशन ओलांडलं की एफ-2. पुढच्या आठवड्यात 2700 रुपयांचा यूपीएसही आणला. तो गाडी शेवटाला नेण्यासाठी नाही, सेव्ह करून शांतपणे बंद करण्यापुरता.

दुसरा प्रयत्न 9 फेब्रुवारी. या वेळी माथ्यापर्यंत पोचलो. समिट नावाचं ठिकाण, 5213 फूट. पूर्वेकडून चढ तसा सौम्य, साधारण शंभराला एक. पश्चिमेकडे एसेक्सपर्यंतचा उतार मात्र 1.8 टक्के, आपल्या भाषेत 55 ला 1. मी माथा ओलांडला, ब्रेक लावले, वेग कमी झाला, सोडले. वेग वाढला, पुन्हा लावले, पुन्हा सोडले. चौथ्यांदा लावले तेव्हा गाडीने माझं ऐकणं बंद केलं. साठ मैलांचा वेग, समोर वळण, आणि पडद्यावर अपघाताची पाटी.

बाबा मागे उभे होते. कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. “हवा संपवलीस,” ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि या सगळ्यात पहिल्यांदाच सविस्तर बोलले. लांब मालगाडीचा ब्रेक पाइप म्हणजे भली मोठी नळी. ब्रेक सोडल्यावर शेवटच्या डब्यापर्यंत हवा पुन्हा भरायला मिनिटं लागतात. ती भरायच्या आत पुन्हा ब्रेक मारलास तर दर वेळी थोडी कमी ताकद मिळते, आणि असं तीन-चार वेळा केलंस की हातात काही उरत नाही. “उतार लागायच्या आधीच वेग कमी कर. मग इंजिनाच्या ब्रेकवर धर, गाडीच्या ब्रेकला थोडा हात लाव आणि सोडू नकोस.” मी विचारलं, कसाऱ्याला असंच का? “कसाऱ्याला 37 ला 1 आहे,” बाबा म्हणाले. “हा उतार आमच्यापुढे काहीच नाही.” थळ घाटात, म्हणजे या कसाऱ्याच्या घाटात, उतरताना चुकार गाडीसाठी कॅच साइडिंग असतं. सांधा नेहमी त्या साइडिंगकडेच लावलेला. गाडी नीट थांबवून दाखवलीस तर पुढचा रस्ता मिळणार, नाही तर डोंगराकडे तोंड करून वाळूत. त्यांना तिथं कधी जावं लागलं नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

तिसऱ्यांदा, 15 आणि 16 फेब्रुवारीला तीन बैठकांत, व्हाइटफिशला पोचलो. एकूण सहा तास चाळीस मिनिटं. वहीत त्यापुढे मी दोन उद्गारचिन्हं काढलेली दिसतात. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘एक्सप्लोर’ पद्धतीने मार्ग चालवला की रस्ता मोकळा असतो, समोरून गाड्या येत नाहीत. ओळख करून घ्यायला ठीक, पण त्याला चालवणं म्हणू नये. वेळापत्रक किंवा ठरवून दिलेली कामगिरी घ्या. त्यात लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, वीस मिनिटं उभं राहून समोरची गाडी जाऊ द्यायची असते, आणि मार्ग खरा लांब वाटतो तो तेव्हा. एफ-4 ने पुढच्या मार्गाची पट्टी दिसते, पुढचा सिग्नल आणि वेगमर्यादा त्यात कळतात. सुरुवातीला ती उघडीच ठेवा.

भारतीय मार्गांबद्दल थोडक्यात. हौशी मंडळींनी बनवलेले आहेत, मनापासून बनवलेले आहेत. पण ते एका जागी मिळत नाहीत. एका संग्रहात नाव नोंदवलं, मंजुरीला चार दिवस लागले. मग रोजच्या डाउनलोडची मर्यादा, मग मार्ग मिळाला तर त्यातले डबे दुसरीकडे, डबे मिळाले तर इंजिनाचा आवाज तिसरीकडे. तीन आठवडे घालवून मी 26 फाइलींची यादी केली, त्यातल्या 19 मिळाल्या. गाडी निघाली, पण अर्ध्या स्टेशनांवर फलाट हवेत तरंगत होते. तुमच्याकडे चिकाटी असेल तर करा. माझी संपली.

मार्चमध्ये उलट टोकाला गेलो. ट्रेन सिम वर्ल्डमधला जर्मनीतला कासेल-व्यूर्झबुर्ग द्रुतगती मार्ग सेलमध्ये घेतला. आधी कॉम्प्युटरला रॅम (2600 रुपये) आणि एसएसडी (3900 रुपये) लावावी लागली, नाही तर झाडं उगवायच्या आत गाडी पुढे निघून जायची. पावणेदोनशेहून जास्त किलोमीटर, आयसीई ही जर्मनीची वेगवान गाडी, ताशी 250 चा वेग. कागदावर माझ्या शोधाला अगदी योग्य. डोंगर टाळायच्या ऐवजी सरळ भेदून गेलेला मार्ग. लांड्र्युकन नावाचा एकच बोगदा पावणेअकरा किलोमीटरचा. सिग्नल रुळाकडेला नाहीतच म्हणा, किती वेगाने जायचं ते केबिनमधल्या पडद्यावर येतं, आणि गाडी स्वतःच तो वेग धरते. माझं काम काय, तर ठराविक वेळाने पायाखालचं पेडल सोडून पुन्हा दाबणं, म्हणजे ड्रायव्हर जागा आहे याची खूण.

तासाभरात मार्ग संपला. बाबा फुल्दाच्या अलीकडेच झोपले होते.

तेव्हा वहीत लिहिलं: ‘किमी नव्हे, तास.’ मरायस पासचे 240 किलोमीटर मला तीन बैठका पुरले, हे पावणेदोनशे चहा गार व्हायच्या आत. लांब मार्ग शोधणाऱ्याने आधी ठरवावं की सलग किती वेळ बसायची तयारी आहे आणि त्या वेळात हाताला किती काम हवं. मग वेग कमी असलेली गाडी निवडावी. त्याच मार्गावर द्रुतगती गाडीऐवजी साधी घेतली तरी मार्ग दीडपट होतो, एक रुपया न खर्चता.

30 मार्च, गुढीपाडवा. लोक सोनं घेतात, मी पोलंडची रेल्वे घेतली. ‘सिमरेल’ हा पोलिश गेम 2023 च्या जानेवारीत आधी अपूर्ण अवस्थेत बाजारात आला. त्याचा कणा म्हणजे सीएमके, पोलंडची मध्यवर्ती रेल्वे. झाव्येर्चे ते ग्रोजिस्क माझोव्येत्स्की, 224 किलोमीटर. 1970 च्या दशकात सायलेशियातला कोळसा उत्तरेकडे न्यायला बांधलेली, आता तिच्यावर प्रवासी गाड्या 200 च्या वेगाने जातात. दोन्ही टोकांना कातोवित्से आणि वॉर्सा जोडले की तीनशेच्या आसपास किलोमीटर सलग मिळतात. आणि मुख्य म्हणजे हे सगळं सर्व्हरवर चोवीस तास वेळापत्रकाने चालू असतं. काही गाड्या माणसं चालवतात, उरलेल्या यंत्र चालवतं. मधल्या सिग्नल केबिनमध्येही माणसं बसू शकतात, आणि तुमच्यासाठी मार्ग लावतात, किंवा लावत नाहीत.

इथं सेव्ह नाही. वीज गेली की गाडी गेली. मधे उठता येत नाही, कारण ‘सीए’ नावाची जागृती यंत्रणा दर 60 सेकंदांनी दिवा लुकलुकवते. बटण दाबलं नाही तर भोंगा, तरी नाही दाबलं तर आपत्कालीन ब्रेक. त्याच्या जोडीला सिग्नलच्या आधी रुळात बसवलेलं चुंबक असतं, त्यावरून गेलं की पुन्हा दाबायचं. 5 एप्रिलला पहिल्यांदा बसलो आणि फोन आला म्हणून अर्धं मिनिट वळलो, तर दोनशे प्रवाशांसकट गाडी शेतात उभी. मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने चॅटवर सभ्य इंग्रजीत विचारलं की सगळं ठीक आहे ना. मी लाजेने सर्व्हर सोडला.

एप्रिल-मेमध्ये फक्त शिकलो. सिग्नल आधी पाठ केले. स्थिर हिरवा म्हणजे पूर्ण वेग. लुकलुकता हिरवा म्हणजे पुढचा सिग्नल 100 च्या आत ओलांडायचा. लुकलुकता नारिंगी, पुढच्याला 40 किंवा 60. स्थिर नारिंगी, पुढचा लाल. बाबा म्हणाले, हे आपल्या दोन पिवळ्या आणि एका पिवळ्यासारखंच, फक्त ह्यांचे दिवे डोळे मारतात. मग त्यांनी विचारलं, “रोड शिकलास का?” आणि रोड लर्निंगबद्दल सांगितलं. नवीन सेक्शनवर एकट्याने गाडी न्यायच्या आधी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर निदान तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची, मग वहीत सही करायची की हा रस्ता मला माहीत आहे. “सही केलीस की जबाबदारी तुझी.”

मी तसंच केलं. एकट्याच्या सरावात तीन फेऱ्या, तिसरी रात्रीची. पोलिश नावं जिभेवर बसेनात. प्सारी, क्नापुव्का, व्वोश्चोवा, ओलशामोवित्से, पिलिखोवित्से, ओपोच्नो, इजिकोवित्से. बाबांनी सोपा मार्ग काढला. व्वोश्चोवाचं त्यांनी वासिंद केलं. मग प्सारी खडवली झालं, ओपोच्नो आसनगाव, आणि इजिकोवित्से आटगाव. आमच्या घरात आता पोलंडची मध्यवर्ती रेल्वे टिटवाळ्यावरून जाते.

इंजिन मी ईयू-07 निवडलं. नवी पेंडोलिनो सोपी आणि वेगवान, पण जर्मनीचा धडा ताजा होता. ईयू-07 ताशी 125 ची, जुनी, खटक्या-खटक्याने चालणारी. तिची मोठी बहीण ईयू-06 इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने बनवली आणि मग परवाना घेऊन पोलंडमध्ये 07 निघाल्या. बाबांनी केबिन बघितली आणि म्हणाले, “ही तर आपल्याकडची.” तसं बघितलं तर खरंच होतं. मध्य रेल्वेवरची डब्ल्यूसीएम-1 ही डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरची) इंजिनंही 1950 च्या दशकात त्याच कारखान्यातून आली. बाबांची स्वतःची डब्ल्यूसीजी-2 चित्तरंजनची, पण तीही डीसी, तिलाही तसाच खटक्यांचा कंट्रोलर. पोलंडमध्ये तारेत 3000 व्होल्ट, आपल्याकडे 1500 होते, एवढाच फरक. मी खटके चढवत 20 वर थांबलो तर मागून आवाज आला, “रेझिस्टन्सवर लटकू नकोस, जळतील.” ईयू-07 ला 28 वा आणि 43 वा असे दोनच खटके आहेत जिथं रेझिस्टन्स, म्हणजे वीज रोखून धरणारा अडथळा, पूर्ण निघालेला असतो. बाकी सगळे येता-जातानाचे. हे मदतीच्या पानावर वाचून मला समजलं नव्हतं, त्या एका वाक्याने समजलं.

14 जून, शनिवार. जेवून, पाणी भरून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दुपारी दीडला बसलो. (पोटाचं सगळं आधी उरकून घ्या. गाडी उभी असते तेव्हा सीए गप्प असतो, पण थांबे मिनिट-दोन मिनिटांचे.) कातोवित्से वेळेवर सुटलं. सोस्नोव्येत्सपर्यंत सिग्नलांची गर्दी, मग झाव्येर्चे, मग सीएमके लागलं आणि मी 43 व्या खटक्यावर पोचून श्वास सोडला. प्सारीच्या अलीकडे लाल. तिथल्या सिग्नल केबिनमध्ये कुणीतरी नवशिका बसला असावा. अकरा मिनिटं उभा होतो, चौथ्या मिनिटाला चॅटवर नम्रपणे विचारलं, नवव्याला उत्तर आलं, “सॉरी, पहिलाच दिवस.” 5 एप्रिल आठवला, मी हसरा चेहरा टाकला. ओपोच्नोपर्यंत सहा मिनिटं भरून काढली. त्यापुढे पाऊस लागला, वायपर लावला, आणि दर मिनिटाला अंगठा. ग्रोजिस्कनंतर उपनगरी गाड्या दोन्ही बाजूंनी धावायला लागल्या, डोंबिवली-ठाण्यासारख्या. वॉर्सा त्सेंत्राल्ना जमिनीखाली आहे. उजेडातून अंधारात शिरताना फलाटाचा दिवा दिसला तेव्हा घड्याळात चार वाजून बावन्न मिनिटं.

तीन तास बावीस मिनिटं, एका बैठकीत, एकदाही आपत्कालीन ब्रेक नाही. पाच महिने ज्याच्या मागे होतो ते झालं. उड्या माराव्याशा वाटल्या नाहीत. अंगठा दुखत होता आणि भूक लागली होती. खर्चाची बेरीज त्या रात्री केली: यूपीएस, रॅम, एसएसडी आणि सगळे गेम मिळून तेरा हजार तीनशे.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तीनशे किलोमीटर एकाच माणसाने? उतरला कुठं?” पुन्हा तेच. या वेळी मी पेपर बाजूला केला आणि विचारलं, तुम्ही जास्तीत जास्त किती लांब नेली गाडी? त्यांना आठवावं लागलं नाही. कल्याण ते इगतपुरी सुमारे 83 किलोमीटर, कल्याण ते पुणे सुमारे 138. त्याच्या पुढे कधीच नाही. “इगतपुरीला आमची तार संपायची. पुढे एसी वीज. इंजिन न्यायचं म्हटलं तरी चाललं नसतं. पेटी उचलायची, रनिंग रूमला जायचं, झोपायचं, उलट गाडी मिळाली की परत.” भुसावळ बघायला ते आयुष्यात एकदा गेले, तेही लग्नाला, प्रवासी म्हणून.

सिमरेलच्या सर्व्हरवर एक सोय आहे जी मी इतके दिवस बिनकामाची समजत होतो. यंत्र चालवत असलेली गाडी मधल्या कुठल्याही स्टेशनात तुम्ही ताब्यात घेऊ शकता. आणि मधेच सोडली तर यंत्र ती पुढे नेतं, मागच्यांचा खोळंबा होत नाही. लांब मार्गाला घाबरणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी, पन्नास किलोमीटरचा तुकडा घ्यावा, स्टेशनात गाडी उभी करून सोडावी. मी हे फार उशिरा केलं.

22 जूनच्या रविवारी मी कातोवित्सेहून निघालो आणि व्वोश्चोवाला, म्हणजे वासिंदला, फलाटावर गाडी उभी केली. बाबा बाजूला चष्मा पुसत तयार होते. मी खुर्चीतून उठलो. ते बसले, आधी ब्रेकचा दाब बघितला, मग कंट्रोलर शून्यावर आहे का ते हात लावून बघितलं, मग सिग्नल. तो अजून लाल होता. “वही दे,” म्हणाले. माझ्या दोनशे पानी वहीत, 14 जूनच्या नोंदीखाली, त्यांनी त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं:

‘वासिंद. गाडीचा चार्ज घेतला. ब्रेक पॉवर ठीक. 11.40.’

खाली सही केली आणि हिरव्याची वाट बघत बसले.